लेन्सची कॅप: माप, पकड आणि रोजची सवय

दुकानात जाऊन ‘माझी लेन्स ५० मिमीची आहे, ५० मिमीची कॅप द्या’ असं सांगितलं, तर जाणता दुकानदार आधी विचारेल, ‘पुढचं माप किती?’ ५० मिमी ही लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे चौकटीत किती दृश्य मावेल ते ठरवणारा आकडा. तिचा कॅपशी काही संबंध नाही. कॅप बसते ती लेन्सच्या तोंडाशी आतून कापलेल्या आट्यांमध्ये, म्हणजे जिथे फिल्टर फिरवून बसवतात तिथे. या तोंडाचा व्यास लेन्सगणिक बदलतो. कॅननच्या ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएमला ४९ मिमीची कॅप लागते, तर आरएफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जागा) ५० मिमी एफ १.८ ला ४३ ची. निकॉनच्या जुन्या ५० मिमी एफ १.८ डी ला ५२, नंतरच्या जी ला ५८ आणि झेड माउंटच्या एफ १.८ एस ला ६२. सोनीच्या एफई ५० मिमी एफ १.८ ला पुन्हा ४९. सगळ्या ‘फिफ्टी’च, पण कॅपची मापं पाच.

चुकीच्या मापाची किंवा सैल कॅप ही नुसती गैरसोय नसते. कॅप नसेल तर माणूस लेन्स सांभाळून धरतो. सैल कॅप असेल तर निर्धास्तपणे बॅगेत टाकतो, ती आत सुटते, आणि तिचीच कड, चार्जरची पिन किंवा घराची किल्ली काचेवर घासत राहते. म्हणून माप आणि पकड या दोन गोष्टींवर इथे सविस्तर लिहिलं आहे.

कॅप काय करते, काय करत नाही

कॅप लेन्सला बोटांचे ठसे, धूळ, ओरखडे, बॅगेतली घासाघीस आणि किरकोळ धक्के यांपासून वाचवते. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा साध्या फोटोत बहुधा दिसत नाही. तो त्रास देतो सूर्य किंवा दिवा समोर असताना, कारण तिथे प्रकाश विखुरतो आणि फोटो धुरकट होतो. वाइड लेन्सवर एफ ११ किंवा एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान केलेलं असताना, तर पुढच्या काचेवरचे धुळीचे कणही प्रकाशाच्या ठिपक्यांसारखे उमटतात. पुढे कधी लेन्स विकायची झाली, तर घेणारा पहिल्यांदा टॉर्च मारून पुढची काचच बघतो.

कॅप हवाबंद मात्र नसते. ती पाणी अडवत नाही, दमटपणा अडवत नाही, आणि बुरशी तर मुळीच अडवत नाही. उलट, ओल्या लेन्सवर कॅप लावून बॅग बंद केली तर ओल आतच कोंडते. बुरशीबद्दल पुढे पावसाळ्याच्या भागात येईल.

मिररलेस कॅमेरा असेल तर कॅपचं आणखी एक काम आहे. डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढे आरसा आणि शटर असतं. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सर लेन्सच्या मागे थेट उघडाच असतो. भर दुपारी कॅमेरा गळ्यात आहे, लेन्स आभाळाकडे कललेली आहे, आणि ऊन आत शिरतंय: भिंगाने कागद जाळावा तसा प्रकाश आत एका बिंदूवर एकवटतो. सेन्सरवर डाग पडू शकतो, शटरची पाती वितळू शकतात. लांब पल्ल्याच्या टेलिफोटोला हा धोका सगळ्यात जास्त. फोटो काढत नसाल आणि वर ऊन असेल, तर कॅप लावलेलीच हवी.

पहिली पायरी: माप शोधणं

लेन्सच्या तोंडाच्या कडेवर किंवा बॅरलवर (लेन्सच्या नळीवर) शून्याला तिरकी रेघ मारल्यासारखं एक चिन्ह आणि त्यापुढे आकडा असतो. ते व्यासाचं चिन्ह, आणि तो आकडा म्हणजे तुमच्या कॅपचं माप, मिलिमीटरमध्ये. नेहमी भेटणारी मापं अशी: ४०.५, ४३, ४९, ५२, ५५, ५८, ६२, ६७, ७२, ७७, ८२ आणि ९५. सोनीच्या १६-५० पॉवर झूम किट लेन्सला (कॅमेऱ्यासोबतच येणाऱ्या लेन्सला) ४०.५, तर पक्षी आणि वन्यजीवांसाठी घेतल्या जाणाऱ्या सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी किंवा निकॉन २००-५०० ला ९५.

‘१८-५५ ची कॅप’ असंही काही नसतं. कॅननच्या ईएफ-एस १८-५५ ला ५८ लागते, निकॉनच्या एएफ-एस डीएक्स १८-५५ व्हीआर ला ५२, आणि त्याच निकॉनच्या नंतर आलेल्या एएफ-पी डीएक्स १८-५५ ला ५५. ऑनलाइन मागवताना लेन्सचं नाव शोधून समोर येईल ती कॅप घेऊ नका. आपल्या लेन्सवरचा आकडा स्वतः वाचा. जुनी कॅप जवळ असेल तर तिच्या आतल्या बाजूलाही आकडा छापलेला असतो.

खुणा पुसल्या गेल्या असतील, जसं जुन्या बाजारातल्या लेन्सवर होतं, तर मोजावं लागतं. प्लॅस्टिकचा व्हर्नियर कॅलिपर घ्या. स्टीलचा घेतला तर टोकांना कागदी टेप गुंडाळा. मोजताना लेन्सचं तोंड वर, कॅलिपर काचेपासून दूर, फक्त आट्यांच्या कडांना टेकलेला. इथे एक मेख आहे. छापलेलं माप हे आट्यांच्या खोल भागातलं, म्हणजे मोठ्या व्यासाचं असतं. तुम्ही मोजता ते आट्यांच्या टोकांमधलं अंतर. फिल्टरच्या आट्यांची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बहुधा ०.७५ मिमी असते, त्यामुळे तुमचं मोजमाप छापील मापापेक्षा साधारण ०.८ मिमी कमी येतं. कॅलिपर ५७.२ दाखवत असेल तर कॅप ५८ ची. ५४.२ असेल तर ५५ ची. बाहेरच्या कडेवरून मोजलं तर आकडा दोनेक मिमी जास्त येतो. ६० वाचून लोक ६२ ची कॅप मागवतात, आणि ती आत जातच नाही.

फिल्टर कायम लावलेला असेल तर कॅप फिल्टरवर बसते, लेन्सवर नाही. साधा फिल्टर असेल तर माप तेच. पण ५२ च्या लेन्सवर स्टेप-अप रिंग (लहान तोंडावर मोठा फिल्टर बसवायची कडी) लावून ७७ चा फिल्टर बसवला असेल, तर कॅपही ७७ ची लागणार. आणि अगदी पातळ ‘स्लिम’ फिल्टर घेताना नीट बघा: काहींच्या पुढच्या बाजूला आटे नसतातच. त्यावर नेहमीची कॅप चिकटल्यासारखी वाटते आणि पहिल्याच धक्क्याला पडते. अशा फिल्टरसोबत बाहेरून ढकलून बसणारी कॅप येते, तीच वापरायची.

दुसरी पायरी: कोणत्या प्रकारची

मधून दाबायची कॅप घ्या. हुड (बाजूचा उजेड अडवायला लेन्सच्या तोंडावर लावतात ती कड) लावलेला असताना बोटं लेन्सच्या कडेपर्यंत पोचत नाहीत, म्हणून कडेने दाबायच्या कॅपसाठी दर वेळी हुड काढावा लागतो. कंटाळा येतो, आणि माणूस कॅप लावणंच सोडून देतो. चांगल्या कॅपला दोन्ही सोयी असतात: मधोमध चिमटीत धरायला खाचा, आणि कडेनेही दाबता येणारे खटके.

बाहेरून ढकलून बसणाऱ्या टोपणासारख्या कॅप जुन्या लेन्सना आणि काही मोठ्या लेन्सना लागतात. त्यांचं माप बाहेरच्या व्यासावर ठरतं आणि ते फिल्टरच्या मापाशी जुळत नाही, म्हणून इथे कॅलिपरशिवाय गत्यंतर नाही. निकॉनच्या १४-२४ एफ २.८ जी सारख्या अतिवाइड लेन्समध्ये पुढची काच फुग्यासारखी बाहेर आलेली असते आणि हुड लेन्सलाच जोडलेला असतो. तिथे पुढे आटे नसतात. हुडावर बाहेरून चढणारी, त्याच लेन्ससाठी बनवलेली कॅप लागते. ती हरवली तर दुसऱ्या कुठल्याही कॅपने भागत नाही.

कंपनीचीच कॅप घ्यावी की साधी? साध्या मधून दाबायच्या कॅपने काम उत्तम भागतं, शे-दोनशे रुपयांत येते. फक्त खटक्यांच्या बाहेरच्या कडेवरच्या बारीक रेषा नखाने तपासा. त्या रेषाच लेन्सच्या आट्यांत अडकतात. त्या बोथट, अर्धवट साच्यातून निघाल्यासारख्या असतील तर ती कॅप नको, वर कुठलंही नाव छापलेलं असलं तरी.

थ्रीडी प्रिंटरवर कॅप छापून घेणारेही आहेत. दुर्मीळ मापासाठी हा चांगला मार्ग आहे. पण पीएलए हे प्लॅस्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. जास्त उष्णता सोसणाऱ्या पीईटीजी प्लॅस्टिकमध्ये छापून घ्या. कडेवरचा सुटा बुरा बारीक पॉलिश पेपरने काढून, कॅप धुऊन, मगच लेन्सजवळ न्या.

तिसरी पायरी: पकड तपासणं

नवी कॅप आली की या क्रमाने तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

१. दोन्ही खटके पूर्ण दाबा आणि सोडा. दोन्ही एकदम, सारखे परत आले पाहिजेत. एक मागे रेंगाळला तर आतली स्प्रिंग नीट बसलेली नाही.

२. कॅप लेन्सवर लावा आणि बोटाने फिरवून बघा. ती थोडा विरोध करत फिरली तर ठीक. सुटी सुटी फिरत असेल तर पकड नाही. अजिबात हलत नसेल तर ती तिरकी अडकली आहे; काढून पुन्हा लावा.

३. कड चौफेर बघा. कॅप आणि लेन्सची कड यांच्यात एका बाजूला फट दिसत असेल तर एकच खटका आट्यांत बसला आहे.

४. पलंगावर उशी ठेवा. लेन्स उशीच्या वर वीतभर उंचीवर तोंड खाली करून धरा आणि चार-पाच वेळा हलके झटके द्या. मग कॅपच्या कडेवर एका बाजूने बोटाने टिचकी मारा. पडली तर परत करा.

५. पुढची काच उंच असलेल्या लेन्सना आणखी एक तपासणी: पोस्टकार्डाची सरळ कड लेन्सच्या तोंडावर आडवी टेकवा आणि बाजूने बघा. कार्ड आणि काच यांच्यात किती जागा आहे ते कळतं. कॅपच्या आतल्या बाजूला खटक्यांचा भाग खाली उतरलेला असतो. जागा जेमतेम असेल तर तो भाग काचेला टेकू शकतो.

जी कॅप पूर्वी नीट बसायची आणि आता पडते, तिची कारणं ठरलेली आहेत. सगळ्यात जास्त वेळा खटक्यांच्या खाचेत वाळू किंवा खिशातला धागा अडकलेला असतो, आणि धुतल्यावर ती पूर्ववत होते. दुसरं कारण थकलेली स्प्रिंग. त्यावर उपाय नाही, कॅप बदला. आत कापसाचा किंवा कागदाचा तुकडा कोंबून ताण वाढवू नका, त्याचे तंतू काचेवर पडतात. तिसरं कारण लेन्सची कड. लेन्स कधी पडली असेल तर तोंड किंचित लांबट होतं आणि आटे दबतात. पकडीने कड सरळ करायला जाऊ नका. काच आणि कड यांच्यात अंतर फार थोडं असतं. यासाठी लेन्सच्या कडेला आतून हळूहळू ताण देणारं वेगळं साधन दुरुस्तीवाल्यांकडे असतं.

कॅप जास्त घट्ट असणंही चांगलं नाही. सोव्हिएत संघाची व्हेनेरा ९ आणि व्हेनेरा १० ही यानं १९७५ मध्ये शुक्रावर उतरली, तेव्हा दोन्हींवर दोन-दोन कॅमेऱ्यांपैकी एकाची कॅप सुटलीच नाही, आणि पूर्ण वर्तुळाऐवजी अर्ध्याच परिसराची चित्रं पृथ्वीवर आली. १९७८ च्या व्हेनेरा ११ आणि १२ वर तर एकही कॅप निघाली नाही. आपल्याला कॅप हाताने काढता येते, पण ओढाताण करून काढावी लागणारी कॅप आट्यांना झिजवते, आणि निसटलेलं बोट थेट काचेवर आपटतं.

लावणं आणि काढणं

अंगठा आणि तर्जनी मधल्या खाचांत. दोन्ही खटके पूर्ण आत दाबून ठेवा, कॅप लेन्सच्या तोंडावर सपाट टेकवा, आणि मग सोडा. खट् असा आवाज येतो. नवे लोक बहुतेक वेळा न दाबता कॅप नुसती ढकलतात. ती बसतेही, पण खटक्यांच्या रेषा आट्यांवरून घासत जातात आणि प्लॅस्टिकचा बारीक चुरा काचेवर पडतो. किट लेन्सचे आटे प्लॅस्टिकचेच असतात, ते आधी झिजतात.

काढताना लेन्स किंचित खाली झुकवा म्हणजे कडेला साचलेली धूळ बाहेर पडते, आत नाही. कॅप आपल्याकडे सरळ ओढा, तिरकी उचकटू नका.

काम संपलं की आधी कॅप, मग कॅमेरा बंद, मग बॅग. हा क्रम हाताला लावून घ्या.

मधून दाबायच्या कॅपचा एक दोष माहीत असावा. घट्ट भरलेल्या बॅगेत मधल्या खाचांवर काही टेकून दाब आला, तर खटके आत जातात आणि कॅप सुटते. म्हणून बॅगेत लेन्सच्या तोंडासमोर कठीण वस्तू ठेवू नका. हुड उलटा लावून ठेवला तर बॅरललाही आधार मिळतो. लेन्स एकटी ठेवायची असेल तर कप्प्यात मागची कॅप खाली, तोंड वर.

मागची कॅप

पुढच्या काचेची सगळे काळजी करतात. पण मागच्या काचेवरचा डाग किंवा ओरखडा फोटोत लवकर दिसतो, कारण ती सेन्सरच्या जवळ असते. शिवाय तिथे कॅमेऱ्याशी जोडणारे सोनेरी संपर्कबिंदू असतात; त्यांना घाम किंवा धूळ लागली की ऑटोफोकस अडखळतो.

मागची कॅप माउंटनुसार असते, व्यासानुसार नाही. कॅनन ईएफ आणि ईएफ-एस लेन्सना एकच कॅप चालते, पण आरएफला वेगळी. निकॉनच्या एफ आणि झेड माउंटच्या वेगवेगळ्या. सोनीच्या ए आणि ई च्याही वेगवेगळ्या. जुन्या एम ४२ लेन्सची मागची कॅप तर बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसते. ठिपका ठिपक्याला जुळवून फिरवा. काही कॅप एकाच जागी बसतात, त्यांना जबरदस्ती नको. निकॉनच्या लेन्स इतरांच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे दोन कंपन्यांची सामग्री वापरणाऱ्यांनी कॅप घट्ट वाटली तर आधी दिशा तपासावी.

लेन्स बदलताना कॅमेरा बंद, तोंड खाली, पाठ वाऱ्याकडे. नव्या लेन्सची मागची कॅप आधीच सैल करून ठेवा. कॅमेरा उघडा राहायचा काळ जितका कमी तितकं चांगलं. बॉडी (कॅमेरा) आणि लेन्स जोडलेली असताना बॉडी कॅप, म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडाची कॅप, आणि लेन्सची मागची कॅप एकमेकींना जोडून ठेवा: दोन्हींच्या आतल्या बाजू बंद राहतात आणि खिशातली धूळ आत जात नाही. ती धूळ पुढे सेन्सरवरच पोचणार असते.

मागच्या कॅपवर छोटं स्टिकर लावून लेन्सचं नाव लिहा. बॅगेत चार काळ्या लेन्स कधी तोंड खाली करून ठेवाव्या लागल्या, तर हवी ती पहिल्याच फेरीत हाती येते.

धूळ, भंडारा, पाऊस आणि खारा वारा

आपल्याकडे कॅपची खरी परीक्षा होते ती गर्दीत आणि हवेत. जेजुरीला सोमवती अमावास्येला किंवा चंपाषष्ठीला भंडाऱ्याची उधळण होते, गणपती विसर्जनाला गुलाल, वारीत रिंगणाच्या वेळी घोडे आणि वारकरी धावतात तेव्हा धुळीचा लोट. अशा ठिकाणी दर क्षणी कॅप लावणं-काढणं जमत नाही, आणि जमलं तरी दर वेळी थोडी पूड कॅपच्या आत जाते. त्या दिवसापुरता साधा यूव्ही किंवा क्लिअर फिल्टर लावा, त्यावर हुड, आणि कॅप फक्त जागा बदलताना. लेन्स बदलायची नाही, म्हणजे नाही.

घरी आल्यावर कॅप काढण्याआधी बाहेरून सगळं कोरड्या ब्रशने झटका. मग तोंड खाली करून कॅप काढा आणि रबरी ब्लोअरने फुंका, तोंड खालीच ठेवून. पूड काचेवर असताना कापडाने पुसू नका. घामट हात किंवा ओलं कापड लागलं की हळदीचा लगदा होतो, आणि पिवळेपणा कडेच्या खाचांत जाऊन बसतो. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे शिंतोडे उडतात. दाबलेल्या हवेचा कॅनही नको, त्यातून थंड द्रव उडून काचेच्या लेपावर डाग पडू शकतात. ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि शेवटी गरज असेल तरच मायक्रोफायबरच्या कापडावर लेन्स क्लीनरचे एक-दोन थेंब टाकून मध्यापासून बाहेर गोलाकार पुसणं. द्रव कापडावर टाकायचा, काचेवर कधीच नाही. तो कडेने आत झिरपतो.

मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर वाऱ्यातच मिठाचा अंश असतो. मीठ वाळलं की त्याचे कडक कण होतात आणि कोरड्या पुसण्याने ते काच घासतात. आधी ब्लोअर, मग डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलसर केलेलं कापड नुसतं टेकवून मीठ विरघळू द्या, मग पुसा. कॅपही त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. खटक्यांच्या स्प्रिंगा बारीक असतात, खाऱ्या ओलीने त्या गंजतात आणि पुढच्या महिन्यात कॅप सुटायला लागते.

कास पठारावर फुलांच्या हंगामात किंवा पावसाळ्यात एखाद्या गडावर, लेन्सवर तुषार पडतच राहतात. ओल्या काचेवर कॅप लावू नका. आधी ब्लोअरने थेंब उडवा, कापडाने टिपा, कॅपची आतली बाजूही पुसा, आणि मगच लावा. मुक्कामी पोचल्यावर बॅगेतून लेन्स बाहेर काढा, कॅप काढा, पंख्याखाली तासभर ठेवा. एसी गाडीतून किंवा खोलीतून दमट हवेत जाताना उलट करायचं: लेन्स कॅप लावलेल्या अवस्थेत, बंद बॅगेत अर्धा ते एक तास तशीच राहू द्या. थंड काच एकदम बाहेर काढली तर तिच्यावर बाष्प धरतं, आणि ते पुसत बसण्यात वेळही जातो आणि काचही घासली जाते.

आता बुरशी. ती दमटपणात वाढते, आणि जून ते सप्टेंबर कोकणातली आणि मुंबईतली हवा तिला हवी तशीच असते. कॅप लावून, चामड्याच्या पाऊचमध्ये घालून, कपाटात ठेवून दिलेली लेन्स पावसाळ्यानंतर उघडली की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि रंग बदलणारी सिलिका जेल एवढं पुरतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर एक-दोन तास कोरडी करा, थंड होऊ द्या, परत डब्यात. डब्यात तांदूळ टाकू नका, त्याची पीठासारखी भुकटी सगळीकडे जाते. डांबरगोळ्याही नकोत. चामड्याचं पाऊच डब्याबाहेर.

कॅपची स्वच्छता

कॅप खिशात जाते, बाकावर ठेवली जाते, खाली पडते, आणि मग तीच काचेपासून दोन-चार मिलिमीटरवर बसते. काच रोज पुसणाऱ्यांनीही कॅपच्या आतली बाजू कधी बघितलेली नसते. रोज वापर असेल तर पंधरा दिवसांतून एकदा: कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, जुना मऊ टूथब्रश. खटके दाबत-सोडत खाचा घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, झटका, आणि निदान चोवीस तास सावलीत वाळू द्या. स्प्रिंगजवळ पाणी लपून राहतं. वरून कोरडी दिसणारी कॅप आतून ओली असते. तेल किंवा वंगण घालू नका, ते उडून काचेवर थर धरतं.

कॅपला दोरी चिकटवायची असेल तर कॅप लेन्सवरून काढून, लांब, मोकळ्या हवेत चिकटवा आणि दिवसभर तशीच राहू द्या. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ काचेवर पांढरट थर सोडते, आणि तो सहज निघत नाही.

हरवू नये म्हणून, आणि हरवलीच तर

एक खिसा ठरवा. डावा म्हणजे डावा, आणि त्यात किल्ल्या, नाणी, तंबाखू-सुपारी काही नको. दोरीची कॅप प्रवासात सोयीची आहे, पण तिपाईवर लांब एक्स्पोजर घेताना वाऱ्याने ती लोंबकळून कॅमेरा हलवते, आणि वाइड लेन्ससमोर कधी चौकटीत येते. तेव्हा ती सोडवून ठेवा. प्रत्येक मापाची एक जादा कॅप बॅगेत असू द्या. दोन-तीन लेन्स एकाच मापाच्या असतील तर एकच जादा कॅप सगळ्यांना पुरते, म्हणून नवी लेन्स घेताना हेही बघण्यासारखं आहे.

बाहेर असताना कॅप हरवली आणि जादा नसेल, तर हुड सरळ लावा आणि त्यावर स्वच्छ, नवी झिप पिशवी चढवून रबरबँडने बांधा. हुडामुळे पिशवी काचेला टेकत नाही. हुड नसेल तर फिल्टर लावा आणि मग पिशवी. टिश्यू पेपर, रुमाल किंवा शर्टाचा कपडा काचेवर टेकवून बांधू नका: चालताना तो हलतो, आणि त्यात अडकलेला एकच वाळूचा कण घरी पोचेपर्यंत काचेवर गोल गोल फिरत राहतो.